मागची सीट

टेंभुर्णी म्हटलं की समोरचा माणूस लगेच विचारतो, "सोलापूरकडची का?" पुणे-सोलापूर महामार्गावरची ती टेंभुर्णी मोठी, नावाजलेली. आमची टेंभुर्णी जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली. हा खुलासा मी गेली पन्नास वर्षं करत आलोय, आजही केला. असो.

तर या टेंभुर्णीत आमच्या ओसरीच्या कडेला एक स्कूटर उभी असते. बजाज चेतक, १९८६ ची. मूळचा रंग निळा, आता कोणता म्हणावा ते बघणाऱ्याने ठरवावं. उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू आला होता. तो म्हणाला, "आजोबा, ही तर व्हिंटेज झाली!" मला बरं वाटलं. पण मास्तरकीची खोड, खात्री केल्याशिवाय राहवेना. तेव्हा कळलं की केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये यासाठी नियमच केलाय. गाडी पन्नास वर्षांची हवी, मूळ रूपात हवी, तरच ती सरकारदरबारी व्हिंटेज. नोंदणीची फी वीस हजार रुपये. आणि एकदा तशी नोंदणी झाली की गाडी रोजच्या वापरात आणायची नाही, प्रदर्शनाला वगैरे न्यायची. म्हणजे व्हिंटेज झाली की तिने दळण आणायचं नाही! आमच्या चेतकला पन्नास पूर्ण होतील २०३६ साली. तेव्हा मी चौऱ्याऐंशीचा असेन. दोघांपैकी कोण प्रदर्शनात ठेवण्याजोगं उरतं ते बघू.

पण आज मला सांगायचं आहे ते या स्कूटरच्या शॉकअपबद्दल. शुद्ध बोलायचं तर शॉक ॲब्सॉर्बर. पण आमच्याकडे गॅरेजवर त्याला शॉकअपच म्हणतात, आणि मराठीचा शिक्षक असूनही मी तेच म्हणतो. हे एवढंसं नळकांडं निवडायला मला दोन महिने लागले. का लागले, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आताच्या मुलांना खरं वाटणार नाही, पण त्या काळी स्कूटर विकत घेता येत नसे. तिच्यासाठी नंबर लावावा लागे आणि मग वाट बघावी लागे. १ मे १९८१ ला औरंगाबादमधून वेगळा होऊन आमचा जालना जिल्हा झाला. त्याच वर्षी मी नंबर लावला. तेव्हा आमचा थोरला जेमतेम दोन महिन्यांचा होता. गाडी हातात आली तेव्हा तो बालवाडीतून येऊन "बाबा, मला पुढं उभं राहायचंय" म्हणण्याइतका मोठा झाला होता. आकुर्डीच्या कारखान्यात चेतक तयार व्हायला लागली १९७२ साली. मूळचा नमुना इटलीच्या व्हेस्पाचा. पण पियाज्जिओ कंपनीशी असलेला करार संपल्यावर बजाजने आपलं नाव लावलं, आणि या गाडीला नाव दिलं राणा प्रतापांच्या घोड्याचं. मी इतिहासही शिकवायचो. १५७६ ची हळदीघाटीची लढाई शिकवताना मुलं दरवर्षी हसायची. "सर, तुमचा चेतक बाहेर उभाय!" मग मी त्यांना सांगायचो, चेतकच्या पायाला जखम झाली होती, तरी त्याने धन्याला रणातून बाहेर काढलं. हे सांगताना वर्ग शांत व्हायचा.

या चेतकने आमच्यासाठी काय काय वाहिलं! दहावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, पायाशी ठेवलेली गॅसची टाकी, सरकीच्या पिशव्या, पुढे उभा थोरला, मध्ये धाकटी आणि मागे सौ. दूरदर्शनवर १९८९ मध्ये 'हमारा बजाज'ची जाहिरात सुरू झाली तेव्हा आम्ही चौघं टीव्हीसमोर असे बसायचो, जणू आमच्याच घरच्या लग्नाची कॅसेट लागली आहे. पेट्रोलमध्ये लिटरला वीस मिली ऑइल मोजून घालायचं. सकाळी सुरू झाली नाही तर एका अंगावर कलती करायची, पुन्हा उभी करून किक मारायची. माझ्या सगळ्या सवयी तिला माहीत, तिच्या सगळ्या मला.

असं मला वाटत होतं.

२०२३ च्या गणपतीच्या सुमारास सौ. एकदा गाडीवरून उतरताना म्हणाली, "अहो, मागं लई आदळायलंय." मी म्हणालो, "रस्ता खराब आहे." खोटं नव्हतं ते. आमच्या भागातल्या काळ्या मातीत रस्ता टिकणं अवघडच. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. वर डांबर कितीही गुळगुळीत टाका, खालची जमीन श्वास घेतल्यासारखी वरखाली होते आणि दोन वर्षांत रस्त्याच्या लाटा होतात. काही महिन्यांनी ती पुन्हा म्हणाली. मी म्हणालो, "चाकात हवा जास्त झाली असेल." तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी हसून म्हणालो, "आता वय झालं आपलं."

तीन वेळा. वर्गात एखाद्या पोराने तीनदा हात वर केला आणि मी लक्ष दिलं नाही, असं चौतीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत क्वचितच घडलं असेल. पण घरचा हात वर झालेला दिसला नाही.

आणि दुसरीही एक खूण होती. स्कूटर उभी असायची तिथे फरशीवर तेलाचा एक डाग पडायला लागला होता. मी त्यावर पुठ्ठा टाकला. फरशी खराब होऊ नये म्हणून! तेल कुठून येतं ते वाकून बघितलं नाही. जुनी गाडी आहे, इंजिनाचं येत असेल, असं धरून चाललो.

डिसेंबर २०२४ मधली संकष्टी. आम्ही राजूरच्या गणपतीला गेलो होतो. परत येताना अंधार पडायला आला होता. एका वस्तीजवळ नवा गतिरोधक केलेला, त्यावर पांढरा पट्टा नाही, फलक नाही. मला दिसला तेव्हा चाक त्याच्यावर चढलं होतं. मी अंग उचललं, सवयीने. मागून फक्त "आई गं" असा आवाज आला. मी गाडी थांबवली. "लागलं का?" तर म्हणाली, "नाही, चला. उशीर व्हायलाय."

त्या रात्री तिला कूस बदलता येईना. आम्ही लचक समजलो. मलम झालं, गरम पाण्याची पिशवी झाली, आठ दिवस गेले. शेवटी जालन्याला नेलं. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरून आम्हाला दाखवला. पाठ आणि कंबर जिथे जुळते तिथला एक मणका पुढच्या बाजूने दबला होता. बाकीचे सगळे चौकोनी आणि हा पाचरीसारखा. डॉक्टर म्हणाले, "या वयात बायकांची हाडं ठिसूळ झालेली असतात. पाळी गेल्यानंतर हाडांची झीज वाढते आणि बाहेरून काही कळत नाही. मग पडायलाच पाहिजे असं नाही. बसल्या जागी एक दणका पुरतो." मग त्यांनी विचारलं, "आधी पाठ दुखायची का?" सौ. म्हणाली, "गाडीवर बसलं की दुखायची. यांना सांगितलं होतं." तक्रार म्हणून नाही बोलली ती. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच. पण मी एक्स-रेकडे बघत राहिलो. तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

तीन महिने कमरेला पट्टा, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, हाडांची औषधं. खाली वाकायचं नाही, कळशी उचलायची नाही. घरातलं पाणी मी भरायला लागलो आणि भाकरी सोडून बाकी स्वयंपाक शिकलो. भाकऱ्या शेजारून यायच्या. स्कूटरवर जुनी चादर टाकून ठेवली. थोरल्याचा पुण्याहून फोन आला, "बाबा, विकून टाका ती. भंगारवालासुद्धा घेईल." माझंही मन तेच म्हणत होतं. रोज सकाळी ओसरीत आलं की ती चादर दिसायची आणि पोटात कालवायचं.

मे महिन्यात मी सौ.ला सांगितलं, गाडी देऊन टाकतो. ती खाटेवर बसून शेंगा फोडत होती. म्हणाली, "गाडीनं काय केलं? तिला कुठं तोंड होतं सांगायला? तोंड मला होतं, मी सांगितलं." थोडं थांबून म्हणाली, "शेतात काय चालत जाणार का तुम्ही? शॉकअप बदला आधी."

झालं. दुसऱ्या दिवशी चादर काढली.

आमचा मिस्त्री माझाच विद्यार्थी. सातवीत इतिहासात दोनदा नापास. सनावळ्या लक्षात राहत नाहीत म्हणून मी त्याला बाकावर उभं केलेलं. त्याच्या गॅरेजमध्ये आता मी स्टुलावर बसलो आणि तो मला शिकवायला लागला. गाडीचा मागचा भाग त्याने दोन्ही हातांनी दाबून सोडला. गाडी वर आली, खाली गेली, वर आली, खाली गेली. "पाहिलं का सर? चांगली गाडी एकदा वर येऊन बसते. ही झोके घ्यायलीय. हे मेलंय. कधीच मेलंय." मग खालून हात घालून बोट दाखवलं. बोटाला तेल. "हे इंजिनाचं नाही, शॉकअपचं ऑइल. सगळं गळून गेलंय."

मी म्हणालो, "म्हणजे धक्का खायला काही उरलं नव्हतं?"

"धक्का शॉकअप नाही खात सर. धक्का स्प्रिंग खाते."

हे मला नवीन होतं, म्हणून सविस्तर सांगतो. चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंग दबते आणि धक्का आपल्यात घेते. पण स्प्रिंगचा स्वभाव असा की घेतलेलं सगळं ती परत देते. दबली तेवढ्याच जोराने उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. तिला आवरायला शॉकअप हवा. त्या नळकांड्यात तेल असतं आणि तेलात एक दट्ट्या. दट्ट्याला बारीक भोकं. स्प्रिंग हलली की दट्ट्या हलतो आणि तेलाला त्या बारीक भोकांतून जावं लागतं. ते जाताना अडतं, आणि स्प्रिंगचा सगळा जोर तेल गरम करण्यात खर्ची पडतो. खराब रस्त्यावरून दूर आल्यावर हात लावला तर शॉकअप कोमट लागतो तो यामुळे. तेल गेलं की दट्ट्या रिकामाच वरखाली होतो. स्प्रिंग मोकाट सुटते, मागच्या माणसाला खाली आपटते आणि वर फेकते.

जुन्या बैलगाडीला यातलं काहीच नव्हतं. लाकडी चाक, लोखंडी धाव, खाली पेंढा टाकून बसायचं. टांग्याला नि ट्रकला पाट्यांच्या कमानी आल्या. त्यांत पाटे एकमेकांवर घासतात म्हणून उसळी थोडी आपोआप मरते. गुंडाळी स्प्रिंगला ती सोय नाही, तिला तेलाचा शॉकअप लागतोच. आणि आमच्या चेतकचं आणखी एक वेगळेपण. तिचं चाक मोटारसायकलसारखं दोन्ही बाजूंनी धरलेलं नसतं, एकाच बाजूने धरलेलं असतं. १९४६ ची पहिली व्हेस्पा ज्यांनी आखली ते कोरादिनो दास्कानिओ मुळात विमानं आणि हेलिकॉप्टरचे अभियंते. मोटारसायकल त्यांना आवडत नसे. पुढचं चाक त्यांनी विमानाच्या चाकासारखं एका बाजूला टांगलं. म्हणजे राजूरहून येताना आम्ही विमानाचंच चाक घेऊन जमिनीवर उतरत होतो म्हणायचं. फक्त उतरणं नीट जमलं नाही.

मला लगेच संसाराचं रूपक सुचलं. स्प्रिंग म्हणजे संताप, शॉकअप म्हणजे संयम वगैरे. घरी येऊन मोठ्या उत्साहाने सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "रूपक राहू द्या. तेल कधीपासून गळत होतं ते सांगा." मी पुठ्ठ्याची गोष्ट सांगितली. तोवर सांगितली नव्हती. ती काही बोलली नाही. बराच वेळ काही बोलली नाही.

आता निवडीकडे येतो. पेट्रोलची चेतक बंद होऊन आता वीस वर्षं होत आली. २०२० पासून याच नावाची विजेवरची चेतक विकायला आली आहे, तिचा आणि आमच्या गाडीचा नावापलीकडे संबंध नाही. तेव्हा शोरूममध्ये जाऊन "मागचा शॉकअप द्या" म्हणायची सोय नाही. मिस्त्रीने चार वाटा सांगितल्या.

पहिली, जुनाच खोलून दुरुस्त करायचा. जालन्यात लेथवाले हे काम करतात. सील बदलतात, नवीन तेल भरतात. मला हेच आवडलं होतं. मूळची वस्तू टिकते आणि स्वस्तही. पण मिस्त्रीने रॉड पुसून माझ्या नखाखाली धरला. गंजाने बारीक बारीक खड्डे पडले होते. "नवीन सील टाकलं तरी हे खड्डे ते सील कातरणार. चार महिन्यांत पुन्हा तेल खाली." वाट बंद.

दुसरी, बाजारात मिळणारा लोकल माल. तो एक घेऊन आलो. चकचकीत, वजनदार, किंमत साडेचारशे. दुकानदार म्हणाला, "एकदम कडक आहे सर, दोन गोण्या टाका, बसणार नाही." मला ते कौतुक वाटलं.

तिसरी, जुना पडून राहिलेला कंपनीचा माल. छत्रपती संभाजीनगरला एका दुकानात असा एक मिळाला. खोकंही जुनं, छापही जुनी. खोकं बघून माझा ऊर भरून आला. चौथी, शॉकअप बनवणाऱ्या एका नावाजलेल्या कंपनीचा, जुन्या गाड्यांसाठी वेगळा काढलेला, बंद पाकिटातला. किंमत लोकलच्या अडीचपट. तसे शॉकअप बनवण्यात आपला मुलूख मागे नाही. मुंबईत १९६१ साली गॅब्रिएल इंडिया सुरू झाली, आणि आपल्या वाळूजमध्येच एन्ड्युरन्सचा कारखाना आहे.

तीनही नवे शॉकअप मी मिस्त्रीसमोर ओळीने मांडले. निकाल लावायला बसलो. तर तो म्हणाला, "सर, आधी मागं बसा."

"म्हणजे?"

"तुमच्या गाडीवर मागं बसा. जुन्या शॉकअपवर. मी चालवतो."

ऐका मंडळी, एकोणचाळीस वर्षांत मी माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर एकदाही बसलो नव्हतो. सहज विचार करून बघा, तुमच्यापैकी किती जण बसलेत? मी पाय दोन्हीकडे टाकून बसायला लागलो तर म्हणाला, "तसं नाही. काकू बसायच्या तसं." मग मी एका बाजूला पाय सोडून बसलो. गॅरेजवरची पोरं हसत होती. बस स्टँडकडच्या गतिरोधकावरून त्याने गाडी नेली. हळू, अगदी सायकलच्या वेगाने.

काय सांगू! पहिल्यांदा खाली आपटलो, मग वर उडालो, मग पुन्हा आपटलो. एका गतिरोधकाचे तीन दणके. पायांखाली धरायला काही नाही, पाय नुसते लोंबतात. अंग उचलावं म्हटलं तर कशाच्या जोरावर उचलणार? सगळं वजन कण्यावर. समोर दिसत नाही, त्यामुळे दणका येणार हे आधी कळत नाही. चालवणाऱ्याला दिसतं, तो तयार असतो, पायांवर भार घेतो. आणि मुख्य म्हणजे चालवणारा दोन चाकांच्या मध्ये बसतो. मागचा माणूस थेट मागच्या चाकाच्या वर. तोच रस्ता, तीच गाडी, तोच खड्डा. पण पुढचा माणूस वेगळ्या गाडीवर असतो आणि मागचा वेगळ्या.

मला लागत नव्हतं, म्हणून शॉकअप चांगला होता. इतकं साधं होतं ते.

मी उतरलो आणि स्टुलावर बसलो. मिस्त्रीने पाणी दिलं. तो काही बोलला नाही, मीही नाही.

त्यानंतर निवड सोपी झाली. खोकं, छाप, किंमत, चकाकी, सगळं मागे पडलं. तीनच गोष्टी बघायच्या होत्या. एक, लांबी. वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंत मूळ शॉकअपइतकीच हवी. लांब झाला तर गाडीचं बूड उचललं जातं आणि हँडल हलकं लागतं, आखूड झाला तर खड्ड्यात टेकतो. दोन, हाताने दाबून बघायचा. त्यातही मिस्त्रीने एक गोष्ट शिकवली. दुकानात शॉकअप आडवे पडलेले असतात, त्यामुळे तेलात हवा शिरते. आधी उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबायचा आणि ओढायचा, मग पारख करायची. जाताना आणि येताना, दोन्हीकडे सारखा अडत अडत हलला पाहिजे. मध्येच रिकामा लागला तर खोटा. तीन, रॉड आणि सील. आरशासारखा रॉड, तेलाचा टिपूस नाही.

जुन्या खोक्यातला शॉकअप दहा वेळा दाबला तेव्हा रॉडवर तेलाची ओली रेघ उमटली. इतकी वर्षं पडून त्याचं रबर वाळलं होतं. न वापरताही वस्तू म्हातारी होते, हे त्या दिवशी कळलं. माझा जीव त्या खोक्यात अडकला होता, पण परत केला. लोकल मालाचा रॉड पहिला अर्धा इंच रिकामा जाई आणि मग एकदम दगड. तरी मी हट्टाने तो बसवून घेतला. मागे बसलो. स्प्रिंग इतकी कडक की गतिरोधकावर ती दबलीच नाही, दणका जसाच्या तसा वर आला. दुकानदार खोटं बोलला नव्हता. दोन गोण्या टाकल्या असत्या तर बसला नसता. दूधवाल्याला, गोण्या वाहणाऱ्याला तो बरोबरच. पण बावन्न किलोची बाई म्हणजे गोणी नव्हे.

तिसरा बसवला. टाकी काढून वरचा नट खोलावा लागतो, तासभर गेला. वरचं जुनं रबरही चिरलेलं होतं, तेही बदललं. पुढचाही शॉकअप बदलून घेतला, कारण एक नवा नि एक मेलेला असला तर गाडी झोपाळ्यासारखी मागेपुढे होते. चाकांतली हवा मोजून घेतली. आणि पुन्हा मागे बसलो, तसाच, एका बाजूला पाय सोडून. गतिरोधक आला. गाडी चढली, दबली, वर आली आणि बसली. एकदाच. पुढे जाऊन मिस्त्रीने मान वळवून विचारलं, "सर, पास का नापास?"

मी म्हणालो, "पास." आवाज नीट निघाला नाही.

या सगळ्याला मिळून जो खर्च आला तो सौ.ला जालन्याला न्यायला केलेल्या गाडीच्या दोन फेऱ्यांइतका होता. हे गणित मी घरी कोणाला सांगितलं नाही, इथेच पहिल्यांदा लिहितोय.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा सौ. ओसरीत बसली होती. मी सांगितलं, मागे बसून बघितलं. "तुम्ही? मागं?" तिला हसू आलं. "कसं वाटलं?" मी म्हणालो, "तू कशी बसलीस गं इतके दिवस?" तिने उत्तर दिलं नाही. मी तिच्याशेजारी बसलो आणि म्हणालो, "तू तीनदा सांगितलं होतंस." ती म्हणाली, "हो." मग मी माफी मागितली. बावन्न वर्षांच्या संसारात शब्दांनी मागितलेली बहुधा पहिलीच. तिने शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं. म्हणाली, "फोडा."

शेवट गोड करायचा तर ती पुन्हा स्कूटरवर बसली असं लिहायला हवं. पण ती बसलेली नाही आणि बसणारही नाही. डॉक्टरांनी दुचाकी बंद केली आहे. दबलेला मणका पुन्हा चौकोनी होत नाही. तिची उंची थोडी कमी झाली आहे. वरच्या फळीवरचा डबा तिच्या हाताला यायचा, तो आता येत नाही. फळी मी खाली घेतली. राजूरला आम्ही एसटीने जातो. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, मलाही ज्येष्ठ म्हणून अर्धं. म्हणजे दोघं मिळून एका तिकिटात. एसटीतही आम्ही मागच्या चाकाच्या मागे बसत नाही. मधली जागा मिळेपर्यंत थांबतो, वेळ आपलीच आहे.

स्कूटर शेतात जाते, दळण आणते. मी एकटाच असतो. पण गतिरोधक दिसला की आता गाडी जवळजवळ थांबवतो आणि मागचं चाक उतरेपर्यंत मनात मोजतो. मागून येणारी पोरं हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

तुमच्याकडेही एखादी जुनी गाडी असेल. शॉकअप बदलायचा असेल तर लांबी मोजा, उभा धरून दाबून बघा, रॉडवर बोट फिरवा. पण त्याआधी एकदा मागच्या सीटवर बसून या. आणि घरात कोणी "आदळतंय" म्हणालं, तर रस्त्याला दोष देण्याआधी खाली वाकून बघा.